मागे बसणाऱ्या बाईसाठी फोन

"कशासाठी हवाय फोन, काका?" दुकानदारानं विचारलं.

"बायकोचं शूटिंग करायचंय. मैफलीत."

"अरे वा! काकू गातात?"

"नाही."

"मग? सतार, पेटी?"

"तानपुरा. मागे बसते."

दुकानदार थबकला. नाशिकच्या एम. जी. रोडवर मोबाइलच्या दुकानांची जी झगझगीत रांग आहे, तिथं लोक लग्नासाठी फोन मागतात, रील्ससाठी मागतात, परदेशातल्या नातवाचं तोंड दिसावं म्हणून मागतात. मागे बसणाऱ्या बाईसाठी फोन मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. तरी त्यानं धीर सोडला नाही.

"मग हाच घ्या. पन्नास मेगापिक्सेल. चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"खड्डे बघायला नाशिककरानं चंद्रावर कशाला जायचं?" काका म्हणाले. "डोळ्यांचं राहू द्या. याला ऐकू काय येतं ते सांगा."

आणि दुकानदारानं तोंड उघडायच्या आत काकांनी पिशवी उघडली. मी हळूच कव्हरांच्या स्टँडमागे सरकले, कारण पुढं काय होणार हे मला ठाऊक होतं.

काकांनी फोन काउंटरवर उभा केला, रेकॉर्डिंग चालू करायला सांगितलं, सहा पावलं मागे गेले, डोळे मिटले आणि खर्ज लावला. एक सरळ, जाड, न हलणारा 'आ'. पुरता एक मिनिट. चार्जर बघायला आलेल्या बाई चार्जर हातात धरून थिजल्या. रस्त्यावरून जाणारा एक गृहस्थ आत डोकावला आणि दुकानात पूजा असावी असं समजून चपला काढू लागला. मिनिट संपलं तसं काकांनी खिशातून पितळी टाळ काढले आणि एकदाच, कडकडून, वाजवले. मग टॉर्च काढली, तिचा झोत दुकानदाराच्या टकलावर सोडला आणि मला म्हणाले, "भाडेकरू, लपू नका. बघा, टक्कल उजळल्यावर मागचं कपाट दिसतंय का अजून?"

"नाही काका. काळं झालं."

"नापास."

मग त्यांनी ते रेकॉर्डिंग लावलं, फोन उजव्या कानामागच्या हाडाला टेकवला आणि डोळे मिटून ऐकू लागले. चेहरा हळूहळू उतरत गेला. "चौथ्या सेकंदाला यानं मला खायला सुरुवात केली," ते दुकानदाराला म्हणाले. अगदी प्रेमानं म्हणाले, डॉक्टर वाईट बातमी सांगतात तसं. "दहाव्या सेकंदाला मी संपलो. पुढची पन्नास सेकंदं दुकानात कुणीच नाही. आणि टाळ वाजल्यावर तर हा जो घाबरलाय! दोन सेकंद तोंड लपवून बसलाय. चांगला आहे हो फोन. मैफलीचा नाही."

दुकानदारानं टकलावरून हात फिरवला. बाईंनी चार्जर घेतलाच नाही, पण निघताना काकांना नमस्कार मात्र केला.

मी त्यांची भाडेकरू होते. देवळाली कॅम्पात त्यांचा एक बैठा, कौलारू बंगला होता आणि मधोमध लाकडी फळ्यांचं पार्टिशन घालून त्याचे दोन भाग केलेले होते. एकात ते आणि काकू, दुसऱ्यात मी. मी तेव्हा नाशकात विम्याच्या ऑफिसात होते. माणूस बसनं रोज कॅम्पातून नाशकात गेला-आला की त्याला घरात शांतता हवी असते. ती मला मिळाली, पण अटींवर. जागा बघायला गेले तेव्हा काकांनी मला पगार विचारला नाही, नातेवाईक विचारले नाहीत. त्यांनी विचारलं, "फ्रिज कोणत्या पट्टीत वाजतो?"

मी हसले. ते हसले नाहीत. सामान आलं त्या दिवशी त्यांनी माझ्या फ्रिजला कान लावला आणि निदान केलं, "काळी चारच्या जरा वर. चालेल. पण संध्याकाळी सहा ते सात बंद ठेवावा लागेल. ही तानपुरा जुळवते." चार वर्षं माझं आइस्क्रीम रोज तासभर वितळून पुन्हा गोठत राहिलं. आणि चार वर्षं त्या तासाभरात मी चहाचा कप घेऊन पार्टिशनला पाठ लावून बसत राहिले, कारण पलीकडे काकूंचा तानपुरा फळीला टेकलेला असायचा आणि एकेक तार सुरात येताना माझ्या पाठीच्या कण्यातून वर चढायची. कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उमटायची. बाहेर कॅम्पाची सरळ झाडं, मागे निळसर होत जाणारे डोंगर, सैनिकांच्या मुलांच्या सायकली, आणि चहात वर्तुळं. त्या वेळी कुणी मला विचारलं असतं की तू कुठं आहेस, तर मला नीट सांगता आलं नसतं.

काका म्हणजे बुटकी, ताठ मूर्ती. कडक इस्त्रीची पँट, तिच्या उजव्या खिशात टाळ, डाव्या खिशात टॉर्च, शर्टाच्या खिशात चष्मा आणि भिंग पुसायचं मऊ कातडं. तोफांना नेम धरायच्या ज्या दुर्बिणी असतात, त्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. दुर्बीण दुरुस्त केली की तोफेवर चढवून, तोफ उडवून, ती हलली का ते बघायचं. कुणाला तरी तोफेशेजारी उभं राहावं लागे. काका उभे राहत.

"डावा कान सरकारजमा झाला," ते सांगत. "उजवा हिच्यासाठी राखून ठेवलाय."

फायरिंगच्या दिवशी डोंगराकडून तोफांचे आवाज येत आणि खिडक्यांची तावदानं थरथरत. काका बोलता बोलता एक बोट वर करून थांबत, पुढचा बार झाला की बोट खाली आणून "सम" म्हणत आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं नेत. पाहुणे घाबरत. काकू आतून म्हणत, "लक्ष देऊ नका हो. चहा घ्या."

काकू कधी गायल्या नाहीत. बाहेरगावचे गवई नाशकात आले की तानपुऱ्याला कोण, तर काकू, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. त्या मागे बसत, पदर सारखा करत, मान किंचित खाली घालत आणि मग दोन-अडीच तास त्यांच्या दोन बोटांखेरीज काही हलत नसे. मी एकदा मैफल संपल्यावर उत्साहानं म्हणाले, "काकू, आज तानपुरा काय सुंदर ऐकू येत होता!" त्यांचा चेहरा पडला. "ऐकू येत होता? म्हणजे कुठंतरी चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. "तानपुरा ऐकू येऊ नये. गाणं ऐकू यावं."

आणि या बाईचा नवरा गावभर दुकानं पालथी घालत होता, का, तर तिचा तानपुरा ऐकू यावा.

मी यात कशी सापडले ते सांगते. आमच्या संगीत मंडळात पदं वाटली गेली तेव्हा मला काही येत नाही हे सर्वांना माहीत होतं. पण माझ्याकडे फोन सर्वांत मोठा होता, म्हणून मी चित्रीकरणप्रमुख झाले. पुढं आणखी मोठा, आणखी महाग फोन घेतला. तो पहिल्यांदा वापरला दिंडोरीला. एका द्राक्षबागायतदाराला गाण्याचा नाद होता. त्यानं आपल्या पॅकिंग शेडमध्ये मैफल ठेवली. क्रेट उलटे मांडून बसायची सोय, समोर स्टेज, आणि शेडच्या तिन्ही बाजूंनी, संध्याकाळच्या उन्हात, वेलींवर लटकलेले हिरवे घड. पाण्याखाली बसून गाणं ऐकावं तसा हिरवा उजेड होता. गवयांनी विलंबित सुरू केलं आणि शेजारच्या बागेत ब्लोअर सुरू झाला. ट्रॅक्टरमागे लावून औषध फवारायचं धूड ते. घूंऽऽ.

आमचे अध्यक्ष धावले. "अहो, बंद करायला सांगा ना ते!"

"शेजाऱ्याचा हाय साहेब," बागायतदार हात जोडून म्हणाला. "तीन दिस झाले आभाळ हाय. भुरी पडली की माल गेला. अन् भुरी काय ख्याल संपायची वाट बघत नाय."

गवई हसले आणि गात राहिले. मी शूटिंग करत राहिले. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ लावून बघते तर काय, ब्लोअर नाहीच! गवयांचा आवाज एकटा, स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखा. मंडळात माझा जयजयकार झाला. मी फोन घेऊन नाचत काकांकडे गेले.

त्यांनी फोन हाडाला लावला. बराच वेळ ऐकलं. मग पडद्याकडे बघितलं.

"छान आलंय गाणं," ते म्हणाले. "ही कुठंय?"

"ही काय मागे! दिसतायत की काकू."

"हा जांभळा डाग?"

मी नीट बघितलं. फोननं पुढचा चेहरा पकडून मागचं सगळं मऊ, धूसर करून टाकलं होतं. काकूंची जांभळी साडी धुक्यात विरघळली होती.

"बरं, दिसत नाही तर नाही. ऐकू कुठं येतेय?"

मी ऐकलं. त्या क्षणापर्यंत तो व्हिडिओ मी वीसदा ऐकला असेल, पण ऐकलं नव्हतं. गवयांचा आवाज पोकळीत लटकत होता. खाली जमीन नव्हती. तानपुरा नव्हताच.

"सारखं एकसुरी वाजत राहतं ते सगळं कचरा, असं या फोनला शिकवलंय," काका म्हणाले. "त्याला भुरीचा ब्लोअर आणि माझी बायको सारखीच वाटली. एकाच झाडूनं दोघांना झाडलं." मग म्हणाले, "फोन घेताना त्याला काय दिसतं ते विचारू नये, भाडेकरू. तो काय खातो ते विचारावं."

मी म्हटलं, सेटिंगमध्ये जाऊन झाडू बंद करू. केला. अर्धाच बंद झाला. वेगळा माइक लावून पाहू. लावला. झाडूवाला आतच बसलेला, त्यानं तेही झाडलं. मग नुसता आवाज टिपणारं यंत्र घ्या, मी म्हटलं.

"बोटं दिसायला हवीत. एका कानाच्या माणसाला अर्धं डोळ्यांनी ऐकावं लागतं. तार कधी सुटली ते दिसलं की ती कानात येते."

"मग घरीच काकूंना समोर बसवा, फोन लावा आणि—"

"घरी ती जुळवते," काका म्हणाले. "वाजवते मैफलीत. गाणाऱ्याच्या मागे बसल्यावर तिचा हात वेगळा पडतो. आणि समोर फोन ठेवला तर ती उठून कुकर लावायला जाईल."

"पण काका, इतकं कशासाठी? दर मैफलीत तर तुम्ही पहिल्या रांगेत असता."

ते मऊ कातड्यानं चष्मा पुसत राहिले. मग अगदी सहज, पावसाचा अंदाज सांगावा तसं त्यांनी सांगितलं, की डॉक्टरांनी उजवा कान तपासलाय. तोही निघालाय. परत येणार नाही. एकदम नाही जायचा, वरून खाली जाईल, बारीक आवाज आधी आणि जाड शेवटी. "खर्ज शेवटी जाणार," ते म्हणाले, जणू काही ही त्यांच्याच वशिल्यानं झालेली सोय होती. "तोवर एकदा तिला पकडून ठेवायचंय. नीट ऐकून ठेवलं की मग कान नसला तरी बोटं बघून ऐकता येईल मला. हिला सांगू नका. तिला वाटतं मला दुकानं फिरायचा नाद लागलाय."

त्यानंतर मी कव्हरांच्या स्टँडमागे लपणं सोडलं. आम्ही दोघं शनिवारी निघायचो. काका फोनांना स्वभाव देत. एक 'लाळघोट्या', कारण त्यात कुठलाही गवई गोरापान दिसे. एक 'पुढाऱ्यांचा फोन', त्याला पुढचा सोडून कुणी दिसतच नसे. एक बिचारा 'सज्जन, पण दमेकरी'. तो वीस मिनिटांत इतका तापे की काकांनी त्याला पंख्याखाली झोपवलं.

आणि अधूनमधून काका बातम्या देत. "काल डास गेले," म्हणाले, "त्याचं दुःख नाही." मग चिमण्या गेल्या. मग कुरिअरवाला दाराशी घंटी वाजवून वाजवून परत जाऊ लागला. हे सगळं ते खिडकीत बसून, डोंगराकडे बघत, गाडी सुटताना ओळखीचे डबे एकेक करून पुढं जावेत तसं सांगत. मी ऐकत असे. पलीकडे काकू कांदा चिरताना पुटपुटत असत, "हल्ली हाक मारली तर ओ देत नाहीत. म्हातारपणी माणूस माजतो."

एका दुकानात त्यांनी नेहमीप्रमाणे टाळ वाजवले आणि माझ्याकडे बघितलं. नेहमीच बघत. मला वाटायचं, दाद मागतायत. त्या दिवशी दुकानातल्या सगळ्यांनी दचकून कानांवर हात घेतले आणि काकांनी माझा चेहरा निरखून विचारलं, "वाजला?"

मी मान हलवली.

"छान," ते म्हणाले आणि टाळ खिशात ठेवले. ते टाळ पुन्हा खिशाबाहेर निघाले नाहीत. पुढच्या सगळ्या परीक्षा फक्त खर्जावर झाल्या.

फोन शेवटी भद्रकालीत सापडला. जुन्या फोनांची एक टपरी. मालक तोंडात सुपारी धरून बसलेला. काकांनी सर्वांत जुना, काचेला तडा गेलेला, मागून साबणाच्या वडीसारखा झिजलेला फोन उचलला.

"तो घिऊ नका बाबा," मालक स्वतःच म्हणाला. "त्याला अक्कल नाही काही. नवीन काही चालत नाही त्यात."

"अक्कल नाही?" काकांचे डोळे चमकले. "लावा रेकॉर्डिंगला."

भर बाजारात काकांनी खर्ज लावला. रिक्षा, हातगाड्या, भोंगे, कोंबड्या. मिनिटभरानं फोन हाडाला लावला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मालकानं सुपारी गिळली. "सगळं आहे!" काका ओरडले. "रिक्षा आहे, कोंबडी आहे आणि मी आहे! यानं कुणालाच हाकललं नाही!"

मैफल रविवारी सकाळची होती, नाशकातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. एक बुजुर्ग गायिका येणार होत्या. माझा महाग फोन समोर, स्टँडवर, मंडळासाठी. आणि हा बिनअकली मागे, काकूंसाठी. पण ठेवायचा कुठं? काकूंना दिसला तर कुकर. माझ्यातल्या नाटकी बाईला अखेर काम मिळालं. पेटीची कापडी गवसणी स्टेजवर मागेच पडलेली असते, कुणी तिच्याकडे बघत नाही. तिच्या घडीत मी फोन खोचला, भिंगापुरती फट ठेवली आणि 'पाणी ठेवायला आले होते' असा चेहरा करून खाली उतरले. काका पहिल्या रांगेत. ताठ. हातात त्या तडकलेल्या फोनचा रिकामा खोका, देवाच्या प्रसादासारखा धरलेला.

गायिकेनं अल्हैया बिलावल धरला. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं स्टेजवर येत होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि कुणालाच घाई नव्हती. दहाएक मिनिटांनी काकूंची नजर गवसणीकडे गेली. थांबली. काकू थेट त्या फटीत बघत होत्या. मग त्यांनी मान वळवून पहिल्या रांगेत बघितलं. काका छताकडे बघू लागले. लाडू चोरलेला माणूस इतक्या निरागसपणे छताकडे बघत नाही.

ती दोन बोटं थांबली असती तर सगळं संपलं असतं. ती थांबली नाहीत. काकूंनी मान खाली घातली आणि वाजवत राहिल्या. कुकर लागला नाही.

मैफल संपली. आम्ही तिघं शाळेच्या पायऱ्यांवर, गुलमोहराखाली. काकांनी फोन आधी डोळ्यांसमोर धरला, मग हाडाला लावला. पडद्यावर अर्ध्या भागात गवसणीची लाल घडी, उरलेल्या अर्ध्यात तानपुऱ्याचा भोपळा आणि काकूंचा हात. चेहरा नाही, गायिका नाही. पण तानपुरा होता. त्या चिमुकल्या खोक्यातून तो असा भरून येत होता की गाणं त्याच्यावर ठेवल्यासारखं वाटत होतं. काका डोळे मिटून ओठांनी तारा मोजत होते. जगात दुसरं कुणी नव्हतं.

काकू रागावायच्या तयारीत आल्या होत्या, पण तोंडातून भलतंच निघालं. "इथं पंचम उतरलाय," त्या हळूच म्हणाल्या. "शी! किती वेळ तसाच वाजतोय."

काकांना ते ऐकू गेलं नाही. पण त्याच क्षणी ते डोळे न उघडता म्हणाले, "पंचम उतरला. बघा, आता लाटा येतील. जुळलेली तार सरळ येते, उतरलेली हिंदकळते. गाणं रंगलं की हिला स्वतःचं भान राहत नाही, ऐकत बसते. मग तबला मोकळा सुटला की जुळवायला तारेतला मणी सरकवेल. दरवेळी असंच. वर्षानुवर्षं. हं... आला."

फोनमधल्या हातानं मणी सरकवला. तार सरळ झाली.

काकू त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. "दरवेळी?" त्यांनी मला विचारलं. "यांना दरवेळी कळायचं?" आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, "अगं, यांना ऐकू येत नाही का?"

गुलमोहराची पानं पडत होती. काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला, पिशवीत नीट ठेवला आणि त्यांचा हात धरून पायऱ्या उतरल्या.

पुढं माझी बदली झाली. दोनेक वर्षांनी नाशकात आले तेव्हा कॅम्पात गेले. मधल्या काळात कळलं होतं, की उजवा कानही गेला आणि तो बिनअकली फोनही गेला. त्याची बॅटरी पुरीसारखी फुगली आणि एके दिवशी त्यानं डोळे मिटले ते मिटलेच. मी मात्र हुशार. त्या शूटिंगची नक्कल मी तेव्हाच करून ठेवली होती. तीच घेऊन निघाले होते. म्हातारा हरखून जाईल, डोळे पुसेल, वगैरे सगळा प्रवेश बसमध्ये मनातल्या मनात बसवून झाला होता.

दार उघडंच होतं. काका त्यांच्या भागात नव्हते. माझ्या जुन्या खोलीत होते. तिथं फक्त एक खुर्ची, पार्टिशनला चिकटवून ठेवलेली. काका तीत बसले होते, डोक्याची मागची बाजू फळीला टेकलेली, डोळे मिटलेले, मांडीवर तो मेलेला फोन. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. बंद फोन घेऊन बसलेला माणूस.

मी खांद्याला हात लावला. "या, भाडेकरू!" ते मोठ्यानं म्हणाले. मी माझ्या फोनवर ठळक अक्षरांत लिहून दाखवलं : 'त्या मैफलीची नक्कल आहे माझ्याकडे.'

त्यांनी कातड्यानं चष्मा पुसला, वाचलं आणि हात हलवला. "राहू द्या. मूळ घरात आहे."

मला कळेना. मग ते समजावून सांगू लागले. आता ही रोज वाजवते, एक तास, जुळवत नाही, वाजवते. पण तिच्यासमोर बसलं की तिला संकोच होतो. म्हणून त्यांनी घरभर फिरून परीक्षा घेतली. पलंग नापास. स्वयंपाकघराचा ओटा, जेमतेम. ही फळी पहिली आली. "तुम्ही इथं चहा घेऊन बसायचात, मला माहीत होतं," ते म्हणाले. "जागा भाड्यानं द्यायची नाही आता. जन्मभर ती सगळ्यांच्या मागे बसली. आता मी तिच्या मागे बसतो."

त्यांनी माझा हात धरून तळवा फळीवर ठेवला. पलीकडे भोपळा टेकलेला होता. लाकडातून ते आलं. तेच, कण्यातून वर चढणारं. खिडकीत डोंगर निळे होत होते. मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

"पंचम उतरलाय," काका ओरडले.

"कळलंय मला!" फळीपलीकडून काकूंचा आवाज आला. "गप्प बसा!"

ते अर्थातच काकांना ऐकू आलं नाही. पलीकडे मणी सरकला. माझ्या तळव्याखालची लाट हळूहळू सपाट होत गेली.

"हं," काका म्हणाले. "आला."